मातलातीरची पूर्वसूचना

'सायक्लोन' हा शब्द १८४८ सालीं कलकत्त्यांत जन्मास आला. त्याचा जनक हेन्री पिडिंग्टन हा तेथील सागरी न्यायालयाचा अध्यक्ष. अमेरिकेच्या रेडफील्डच्या पाठोपाठ त्यानेंहि वादळांत सांपडलेल्या जहाजांच्या रोजनिश्या ताडून पाहिल्या. वारा एका शांत केंद्राभोंवतीं फिरतो, हें त्यास दिसलें. म्हणून सर्पाच्या वेटोळ्याच्या ग्रीक शब्दावरून त्यानें हें नांव घडविलें. मोठें समर्पक नांव!

ह्या वेटोळ्याचें बळ ऊबदार समुद्रांत असतें. तेथील वाफेचे ढग बनतांना उष्णता मोकळी होते, हवा वर चढते, आणि तिच्या जागीं भोंवतालची हवा आंत धांवते. पृथ्वीच्या भ्रमणामुळें ती वळते; उत्तर गोलार्धांत घड्याळाच्या कांट्यांच्या उलट. परंतु खरा घात बहुधा वाऱ्यापेक्षां पाणीच करतें. वारा समुद्रास किनाऱ्यावर लोटतो, आणि निमुळत्या खाडींत त्या पाण्यास पसरावयास जागा नसते.

नेमकें हेंच पिडिंग्टननें १८५३ सालीं गव्हर्नर-जनरल डलहौसी यांस पत्र लिहून कळविलें. सुंदरबनांत मातला नदीवर नवें बंदर बांधण्याचें घाटत होतें. वादळाची लाट एक दिवस तें बुडवील, असें त्यानें बजावलें. कोणीं मनावर घेतलें नाहीं. १८५८ मध्यें तो वारला. १८६४ च्या वादळांत कलकत्त्याच्या बाजूस सुमारें ६०,००० माणसें दगावलीं, तरी मातलेवरील कॅनिंग बंदराचा हट्ट सुटला नाहीं! १८६७ च्या नोव्हेंबरांत वादळाचें पाणी त्या बंदरांत शिरलें आणि त्याची दैना झाली. थोड्याच वर्षांत तें सोडून द्यावें लागलें. हिंदुस्थानांत हवामान खातें निघालें तें १८७५ सालीं.