पॅरिसची ट्राम : गेली कशी, परतली कशी?

१/
१५ मार्च १९३७. पॅरिसच्या हद्दीतली शेवटची ट्राम पोर्त द सँ-क्लू ते पोर्त द वँसेन या मार्गावर धावली आणि कायमची थांबली. पुढच्या वर्षी, १४ ऑगस्ट १९३८ रोजी, ल रँसी ते माँफर्मेय ही उपनगरातली सेवाही बंद झाली. वर्सायचे छोटे स्वतंत्र जाळे तेवढे मागे उरले आणि तेही १९५७ मध्ये संपले.

२/
आज त्याच महानगर प्रदेशात डझनाहून अधिक ट्राममार्ग आहेत. कालबाह्य ठरवून उखडलेले रूळ अर्ध्या शतकानंतर पुन्हा का टाकावे लागले? या प्रश्नाचे उत्तर यंत्रांच्या इतिहासात थोडेच सापडते. ते मुख्यतः रस्त्याच्या वाटणीच्या इतिहासात आहे.

३/
आरंभ १८५३ चा. न्यूयॉर्कमध्ये काही काळ राहून आलेल्या आल्फाँस लुबा या फ्रेंच उद्योजकाने सीन नदीच्या काठाने रूळ टाकून घोड्यांच्या ट्रामची चाचणी घेतली. रुळाला खाच होती आणि तो रस्त्याच्या पृष्ठभागाशी समतल बसवलेला होता, त्यामुळे इतर गाड्यांना तो ओलांडून जाता येई. पॅरिसकर या वाहनाला ‘अमेरिकन रेल्वे’ म्हणू लागले.

४/
लोखंडी रुळावर चाकाला होणारा विरोध दगडी फरसबंदीपेक्षा पुष्कळ कमी. तेवढ्याच घोड्यांना अधिक प्रवासी ओढता येत, हेच ट्रामचे सारे गणित होते. पुढे घोड्यांची जागा घेण्यासाठी वाफ, दाबलेली हवा, विजेचे संचायक असे एकेक उपाय पॅरिसने आजमावले. शेवटी वीज जिंकली.

५/
मात्र मध्यवर्ती पॅरिसमध्ये डोक्यावरून तारा नेण्यास परवानगी नव्हती. शहराचे सौंदर्य बिघडेल, असा आक्षेप होता. त्यामुळे अनेक ठिकाणी रस्त्याखालच्या नळीतून, एका अरुंद फटीवाटे, ट्रामला वीज पुरवावी लागे. ही व्यवस्था दिसायला नीटस होती, पण बांधायला आणि राखायला महाग. तिची किंमत पुढे मोजावी लागली.

६/
पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ मध्ये, पॅरिस प्रदेशातल्या ट्राम आणि बस एकाच कंपनीच्या हाती आल्या. त्या दशकात ट्रामचे जाळे हजार किलोमीटरहून मोठे होते आणि शंभराहून अधिक मार्गांवर गाड्या धावत होत्या. जगातल्या अग्रगण्य जाळ्यांत त्याची गणना होई.

७/
याच काळात मोटारी वाढल्या. ट्रामचे रूळ बहुधा रस्त्याच्या मधोमध असत. प्रवाशाला चढण्या-उतरण्यासाठी वाहनांच्या गर्दीतून वाट काढावी लागे. ट्रामला बाजूला सरकता येत नसे आणि तिच्या मागे मोटारी खोळंबत. गाड्या जुन्या झाल्या होत्या, नळीची देखभाल खर्चिक होती, बस मात्र नवी आणि लवचीक दिसत होती. ट्रामवरची टीका अगदीच निराधार नव्हती.

८/
पण या टीकेतला एक शब्द तपासून पाहण्याजोगा आहे : ‘अडथळा’. त्या काळी मोटार बाळगणारे पॅरिसकर अल्पसंख्य होते आणि ट्रामने जाणारे बहुसंख्य. तरीही शेकडो माणसे वाहून नेणाऱ्या मार्गाला अडथळा म्हटले गेले आणि एकदोन माणसांच्या मोटारीला ‘वाहतूक’. हा शब्दप्रयोग रुळला, तेव्हाच निकाल लागल्यासारखा होता. विसाव्या दशकाच्या अखेरीस प्रशासनाने ट्राम हटवण्याचे धोरण स्वीकारले आणि दहा वर्षांच्या आत ते तडीस गेले.

९/
पॅरिस एकटे नव्हते. लंडनची जुनी ट्राम १९५२ मध्ये गेली, सिडनीची १९६१ मध्ये. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांनिशी सुरू झालेली आणि १९०७ मध्ये विजेवर आलेली ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही अखेरची फेरी करून थांबली. ‘दादर टी. टी.’ या नावातली अक्षरे त्या ट्राम टर्मिनसचीच खूण आहेत. २०१७ मध्ये हुतात्मा चौकाजवळच्या खोदकामात जुने रूळ पुन्हा उजेडात आले, तेव्हा अनेकांना या नावाचा उलगडा झाला.

१०/
रूळ गेल्यावर पॅरिसची कोंडी सुटली का? नाही. ट्रामच्या जागी आलेली बस मोटारींच्या गर्दीत अडकू लागली. १९६४ मध्ये, म्हणजे मुंबईची ट्राम बंद झाली त्याच वर्षी, पॅरिसला बससाठी पहिली राखीव मार्गिका आखावी लागली. ट्राम हटवून मोकळी केलेली जागा आता बससाठी पुन्हा मागावी लागत होती.

११/
उपनगरांची अडचण याहून मोठी होती. मेट्रो मुख्यतः पॅरिसच्या हद्दीत फिरे, आणि उपनगरी रेल्वेचे मार्ग चाकाच्या आऱ्यांसारखे केंद्राकडे जात. एका उपनगरातून शेजारच्या उपनगरात जायचे, तर अनेकदा आधी पॅरिसमध्ये शिरून मग बाहेर पडावे लागे. मोटार नसलेल्या कुटुंबांसाठी शेजारचे गावही दूर होते.

१२/
१९७३ च्या तेलसंकटाने खनिज तेलावरच्या अवलंबित्वाची जाणीव करून दिली. १९७५ मध्ये वाहतूक खात्याचे राज्य सचिव मार्सेल कावाये यांनी बोर्दो, ग्रनोबल, स्त्रासबुर्ग यांसह आठ शहरांना पत्र लिहून आधुनिक ट्रामचा विचार करण्यास सुचवले. तोवर देशात फक्त लील, मार्सेय आणि सँत-एतियेन या तीन शहरांत जुनी ट्राम तग धरून होती. पैशाची तजवीजही होती : मालकांकडून वेतनाच्या प्रमाणात वसूल होणारा वाहतूक कर १९७१ मध्ये पॅरिस प्रदेशात लागू झाला आणि १९७३ पासून इतर शहरांना खुला झाला.

१३/
गंमत अशी, की पहिली नवी ट्राम त्या आठांच्या यादीत नसलेल्या नाँतमध्ये धावली. तिचा पुरस्कार करणारे महापौर आलँ शेनार १९८३ ची निवडणूक हरले आणि ट्रामविरोधक सत्तेवर आले. पण काम फार पुढे गेले होते. जानेवारी १९८५ मध्ये सेवा सुरू झाली आणि लोकांनी ती आपलीशी केली.

१४/
ग्रनोबलने १९८३ मध्ये थेट नागरिकांचे मत घेतले. कौल ट्रामच्या बाजूने गेला. तिथल्या अपंग नागरिकांच्या संघटनांनी चाकाची खुर्ची सहज आत जाईल अशा गाडीचा आग्रह धरला. त्यातून १९८७ मध्ये सखल तळाची ट्राम आली. फलाट आणि गाडी यांची पातळी जुळली, आणि हाच नमुना पुढे पॅरिसकडे गेला.

१५/
पॅरिस प्रदेशात ट्राम परतली १९९२ मध्ये. तीही शाँझेलिझेवर नव्हे, तर उत्तरेकडच्या सेन-सँ-दनी या श्रमिक आणि स्थलांतरितांच्या जिल्ह्यात. जुलैमध्ये पहिला टप्पा आणि डिसेंबरमध्ये सँ-दनी ते बोबिन्यी हा सुमारे ९ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला झाला. हा मार्ग पॅरिसमध्ये शिरतच नाही. उपनगराला उपनगराशी जोडणे हाच त्याचा हेतू होता.

१६/
ही जुन्या ट्रामची नक्कल नव्हती. बहुतेक ठिकाणी तिला स्वतःची राखीव मार्गिका मिळाली, चौकांत सिग्नलवर प्राधान्य मिळाले, चढण्यासाठी सुरक्षित फलाट मिळाले. १९२० च्या दशकात ज्या दोषांसाठी ट्रामला शिक्षा झाली, ते दोष गाडीपेक्षा रस्त्याच्या आखणीत अधिक होते, हे त्यातून उघड झाले.

१७/
खरा वाद पेटला तो पॅरिसच्या हद्दीत. नेपोलियनच्या सेनानींची नावे असलेले ‘मार्शलांचे बुलव्हार’ शहराच्या जुन्या तटबंदीलगत वर्तुळाकार फिरतात. त्यांच्या जवळच ‘पतीत सँत्युर’ ही जुनी वर्तुळाकार रेल्वे आहे. तिची प्रवासी सेवा १९३४ मध्येच बहुतांशी बंद झाली होती. रूळ तयार आहेत, मग रस्ता कशाला अडवायचा, असा सवाल अनेकांनी केला.

१८/
सवाल रास्त होता. पण ती रेल्वे खंदकांतून आणि बोगद्यांतून जाते, वस्तीपासून आणि मेट्रोच्या स्थानकांपासून अनेक ठिकाणी तुटलेली आहे. शिवाय मोटारींची जागा कमी करणे हा महापौर बेर्त्रां दलानोए यांच्या धोरणाचा उघड भाग होता. ट्राम खंदकात लपवली असती, तर रस्ता होता तसाच राहिला असता. म्हणून बुलव्हारची निवड झाली. १६ डिसेंबर २००६ रोजी ७.९ किलोमीटरचा मार्ग खुला झाला आणि रुळांखाली बरेच ठिकाणी हिरवळ आली.

१९/
याची किंमत कोणी मोजली? अर्थतज्ज्ञ रेमी प्रुदॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा निष्कर्ष काढला, की ट्रामप्रवाशांच्या लाभापेक्षा मोटारचालकांची हानी जास्त झाली, कारण गर्दी बाह्य वळणरस्त्यावर सरकली. समर्थकांचे म्हणणे होते, की ज्याला मोटार परवडत नाही त्याचा वेळ आणि बुलव्हारवर राहणाऱ्यांची शांतता अशा हिशेबात पुरेशी धरली जात नाही. दोन्ही बाजूंचा मूळ प्रश्न एकच होता : रस्त्यावरचा कोणाचा वेळ मोलाचा?

२०/
मार्ग पुढे सरकत राहिला. २०१२ मध्ये ट्राम पोर्त द वँसेनला पोहोचली, म्हणजे १९३७ च्या शेवटच्या मार्गाच्या एका टोकाला. तिथून उत्तरेकडून वळत ती २०१८ मध्ये पोर्त दानिएरला आणि एप्रिल २०२४ मध्ये पोर्त दोफीनला आली. वर्तुळ अजून पुरे झालेले नाही. उरलेली फट पश्चिमेला, सोळाव्या या सधन विभागात आहे.

२१/
आता पुन्हा माँफर्मेयकडे. ऑक्टोबर २००५ मध्ये त्याच्या शेजारच्या क्लिशी-सू-ब्वा गावात पोलिसांपासून पळणारे दोन किशोर वीज उपकेंद्रात मरण पावले. त्यातून उसळलेला असंतोष देशभर पसरला आणि सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. पॅरिसच्या मध्यापासून हे गाव जेमतेम १५ किलोमीटरवर. पण तिथे रेल्वेचे स्थानकच नव्हते. नोकरीसाठी शहर गाठायचे म्हणजे बस, मग गाडी, मग मेट्रो.

२२/
या दोन गावांसाठी टी-४ ट्रामची शाखा आखली गेली. वाटेतल्या काही नगरांनी आपल्या रस्त्यांवर रूळ नकोत म्हणून विरोध केला. आक्षेप ओळखीचेच होते : मोटारी कुठे जातील, वाहने कुठे उभी करायची? काम लांबले. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये ट्राम या गावांत शिरली आणि पुढच्या वर्षी माँफर्मेयच्या रुग्णालयापर्यंत पोहोचली.

२३/
१९३८ मध्ये माँफर्मेयची ट्राम काढून घेताना ती जुनी झाली आहे, असे सांगितले गेले. ती परत मिळायला ८१ वर्षे लागली. रूळ उखडायला एक दशक पुरते. ते पुन्हा टाकायला निधी, कायदा, निवडणुका आणि शेजाऱ्यांची संमती लागते. आज एखाद्या शहरात राखीव बसमार्गिका ‘अडथळा’ म्हणून काढून टाकण्याची मागणी होते, तेव्हा माँफर्मेयच्या या ८१ वर्षांचा हिशेब समोर ठेवायला हवा.