काशीची घरपट्टी आणि बेवारशी मढी

काशीला मेलं की मोक्ष, असं आपल्याला पिढ्यान् पिढ्या सांगण्यात आलं. सांगणारे कोण, ते आपण जाणतो. तर त्याच काशीत २६ डिसेंबर १८१० या दिवशी मढी तशीच गंगेत ढकलून द्यावी लागली. अग्नी नाही, क्रिया नाही. लाकूड संपलं नव्हतं की पाऊस लागला नव्हता. ज्यांच्या हातानं हे काम व्हायचं, त्या माणसांनी त्या दिवशी हात आखडते घेतले होते.

कशासाठी? तर घरपट्टीसाठी.

हे कुण्या भुताखेताच्या पोथीतलं नाही. काशीचा त्या वेळचा मॅजिस्ट्रेट बर्ड नावाचा गोरा साहेब होता. त्यानं कलकत्त्याला आपल्या सरकारला लिहिलेल्या पत्रात हे आहे. हे सरकारी कागद धरमपाल यांनी १९७१ साली छापून सगळ्यांसमोर ठेवले. तेव्हापासून शिकलेसवरलेले लोक काशीच्या या हरताळाचं कौतुक करतात. गांधींच्या आधी शंभर वर्षं आपल्याकडं सत्याग्रह होता बघा, म्हणतात. होता ना! कोण नाही म्हणतंय? पण तो केला कुणी, उभा राहिला कुणाच्या जोरावर, आणि संपल्यावर कुणाच्या पदरात काय पडलं, हे आपण आपल्या डोळ्यांनी वाचायला पाहिजे.

आधी पट्टी काय होती ते बघू. १८१० च्या ऑक्टोबरात कंपनी सरकारनं रेग्युलेशन १५ काढलं. बंगाल, बिहार, ओरिसा आणि बनारस इथल्या शहरांतल्या घरांवर कर. राहत्या घराच्या वर्षाच्या भाड्यावर शेकडा ५ आणि दुकानाच्या भाड्यावर शेकडा १०. घर भाड्यानं दिलेलं नसलं तरी भाडं किती आलं असतं याचा अंदाज धरायचा आणि पट्टी लावायची. त्यासाठी आकारणी करणारे कारकून घराघरांत फिरू लागले.

काशीचे लोक मोहल्ल्याच्या फाटकांसाठी आणि पहारेकऱ्यांसाठी आधीच वर्गणी देत होते. तिला फाटकबंदी म्हणत. त्यावर ही नवी पट्टी. लोकांनी अर्ज केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. आजवर कुण्या राजानं घरावर कर घेतला नाही. घर हे ऊनपावसापासून अंग वाचवायला असतं, त्यातून कमाई होत नाही. उलट डागडुजीला पैसा जातो. स्टँपाचा खर्च, कोर्टाची फी, मालावरची जकात हे सगळं डोक्यावर आहेच. आता राहत्या छपरालाही पैसा मागता?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुकानं बंद झाली. शहरभर शपथा घातल्या गेल्या, हिंदूंत हिंदूंच्या पद्धतीनं, मुसलमानांत मुसलमानांच्या. पट्टी उठेपर्यंत कुणी आपल्या धंद्याला हात लावायचा नाही. हे लक्षात ठेवा, की याच शहरात वर्षभरापूर्वी, १८०९ च्या ऑक्टोबरात, लाट भैरवावरून हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली होती. रक्त सांडलं होतं. त्या दंगलीतले विणकर जुलाहे आणि त्यांच्या अंगावर धावून गेलेले लोक आता एका मैदानात येऊन बसले. घरपट्टीनं ते घडवलं.

आणि बसले कोण? साहेबाच्या कागदात यादी आहे. लोहार, मिस्त्री, जुलाहे, न्हावी, शिंपी, कहार, ओझेवाले. हात चालवून पोट भरणारी माणसं. लोहार तर सगळ्यांत पुढं. त्यांनी मुलखातल्या सगळ्या लोहारांना बोलावून घेतलं. आता नांगराचा फाळ शेवटायला लोहार नाही, विळ्याला धार लावायला लोहार नाही. म्हणजे शहरातल्या घरपट्टीची झळ खेड्यातल्या शेतापर्यंत गेली. मग मल्लाह आले. नावा काठाला लागल्या, नदीवरची ये-जा अडली. धर्मपत्र्या घेऊन माणसं गावोगाव निघाली, दर घरातून एक माणूस काशीला पाठवा म्हणून. जे बसले त्यांच्या पोटासाठी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणं वर्गणी जमली. हजारो माणसं ऐन थंडीत रात्रंदिवस शहराबाहेर बसून राहिली.

दोस्तहो, संघटना कशी करायची याचा यात धडा आहे. भाषणानं पट्टी उठत नाही. कारकून मोजायला येतो तेव्हा अख्खं शहर काम टाकून मैदानात बसलं, तर मोजून करणार काय? आणि बसलेल्याच्या चुलीची सोय दुसऱ्यानं करायची, नाहीतर आठवड्यात माणूस उठतो.

पण आता दुसरी बाजू.

कलेक्टर सालमन यानं २ जानेवारी १८११ ला लिहिलंय, की हे लोक आपापल्या वर्गावर्गानं वेगळे बसलेत. म्हणजे मैदान एक, पण पंगती निराळ्या. आणि जो डळमळेल त्याला काय शिक्षा? सगळीकडून छी थू, आणि जातीतून बाहेर. वाळीत टाकणं! ज्या हत्यारानं आपलं पाणी तोडलं, रस्ता तोडला, तेच हत्यार इथं कंपनी सरकारच्या विरोधात वापरलं गेलं. एकी घडली, पण जातीच्या धाकानं. असल्या एकीत सरकारशी भांडण होतं, जातीशी होत नाही.

आणि ती मढी? लोहाराचं नाव कागदात आहे, न्हाव्याचं आहे. पण मढ्याचं काम ज्यांनी नाकारलं त्यांना साहेबानं नुसतं 'योग्य ती माणसं' अशा अर्थाच्या दोन शब्दांत गुंडाळलंय. कुणी म्हणेल, क्रियाकर्मात महापात्र बामणही असतो, आपल्याकडच्या किरवंतासारखा, आणि न्हावीही असतो. मान्य. पण काशीच्या घाटावर अग्नी कुणाकडून घ्यावा लागतो? डोमाकडून. राजा हरिश्चंद्राला विकत घेणाऱ्या डोमाची गोष्ट कीर्तनात घोळून घोळून सांगतात ना, तोच. ज्याची सावली नको, त्याच्या हातच्या विस्तवावाचून मोक्ष नाही. डोम काम करत नाही तिथं अख्ख्या काशीचा धर्म एका दिवसात गंगेत वाहून जातो. एवढी ताकद! आणि इतिहासात नाव नाही.

पुढं काय झालं? बर्डनं लष्कर बोलावलं. कलकत्त्यानं १८११ च्या सुरुवातीला सवलत काढली, की धार्मिक मंडळींची आणि अगदी खालच्या थरातल्या गरिबांची घरं पट्टीतून वगळा. सवलत चांगलीच, पण तिच्यातली मेख ओळखा. ज्यांच्या हात आखडण्यानं शहर अडलं, त्यांना आधी बाजूला काढायचं. थंडी होती, उपास होता. सगळ्यांनी मिळून कलकत्त्याला चालत जायचं ठरलं, पण निघायच्या वेळी थोडेच उरले. शेवटी बनारसच्या राजानं मध्ये पडून लोकांना घरी पाठवलं. अर्ज सरकारनं फेटाळला. हरलो, असंच लोकांना वाटलं असणार. पण पट्टी काही वसूल होईना, आणि १८१२ साली सरकारनं ती मुकाट्यानं मागं घेतली. लोकांच्या दबावानं घेतली असं दिसू नये म्हणून मधे वेळ जाऊ दिला, इतकंच.

पट्टी गेली. घरवाल्याचं घर सुटलं. लोहार भात्याशी गेला, मल्लाह नावेवर गेला. आणि डोम? डोम परत चितेशी गेला. त्याच्या विस्तवाचा मान तेवढाच राहिला आणि त्याचा विटाळही तेवढाच. दुसऱ्याच्या घरपट्टीची लढाई त्यानं जिंकून दिली. त्याची स्वतःची मागणी त्या मैदानात कुणी मांडलीच नव्हती.

आता आपल्याकडं या. महारवतनाची जमीन म्हणजे रात्रंदिवसाच्या राबणुकीचा तुटपुंजा मोबदला. त्या जमिनीवरची जुडी मुंबई सरकारनं वाढवली. फुकट राबवायचं आणि वर कर घ्यायचा! डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला महार, मांग वतनदारांची परिषद झाली, १९४१ साली सिन्नरला झाली. बाबासाहेब दोन्हीकडं होते. सिन्नरला हा कर भरायचा नाही, अशी हाक दिली गेली. पण बाबासाहेब करापाशी थांबले नव्हते. १९२८ सालीच त्यांनी मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं होतं. कर कमी करा एवढंच मागणं नव्हतं. हा कर आणि ही राबणूक ज्या वतनाला बांधलीय, त्या वतनाचाच दोर कापायचा होता. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, बाबासाहेब गेल्यानंतर.

काशी आणि सिन्नर यांच्यात फरक आहे तो एवढा. काशीत आपला माणूस दुसऱ्याच्या मागणीसाठी बसला, जातीच्या पंगतीत बसला आणि जातीतच परत गेला. सिन्नरला तो स्वतःच्या मागणीसाठी बसला.

म्हणून उद्या गावात, वस्तीत, झोपडपट्टीत कुणी सांगत आलं की चला, पट्टीविरुद्ध एक होऊ, तर जरूर जा. पट्टी गरिबाच्या छपरावरच आधी पडते. पण जाताना विचारा: आमचं नाव यादीत लिहिणार का? पंगत एक का निराळी? आणि पट्टी उठल्यावर आम्ही परत कुठं जायचं?

उत्तर मिळाल्याशिवाय विस्तव देऊ नका.