भाड्याची मोटार आणि क्रेडिट कार्डाचा विमा

अमेरिकेत मोटार भाड्याने देण्याचा धंदा क्रेडिट कार्डापेक्षा बराच जुना. वॉल्टर जेकब्सने १९१८ मध्ये शिकागोत डझनभर फोर्ड मॉडेल-टी गाड्यांवर तो सुरू केला आणि १९२३ मध्ये जॉन हर्ट्झला विकला. वॉरन एव्हिसने १९४६ मध्ये डेट्रॉइटजवळच्या विलो रन विमानतळावर गाड्या उभ्या केल्या, तेव्हापासून विमानातून उतरणारा प्रवासी या धंद्याचे हक्काचे गिऱ्हाईक झाला. १९५० मध्ये डायनर्स क्लबचे कार्ड आले, १९५८ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसचे. अनोळखी माणसाच्या हाती गाडी सोपवायची तर अनामत हवी. कार्डाने ती सोय केली.

गाडीला पोचा पडला तर पैसे कोणी भरायचे, हा प्रश्न मात्र राहिलाच. सुरुवातीला गिऱ्हाइकाची जबाबदारी काहीशे डॉलरपुरती असे. तेवढीही नको असेल तर रोज जादा रक्कम भरून ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ घ्यायचा. कायद्याच्या भाषेत हा विमा नव्हेच. नुकसान वसूल करण्याचा हक्क कंपनी सोडून देते, एवढाच हा करार. कंपन्यांना ही व्याख्या फार सोयीची होती, कारण विम्याच्या दरांवर असणारे सरकारी नियंत्रण त्याला सहसा लागू होत नसे.

१९८०च्या दशकात कंपन्यांनी गिऱ्हाइकाची जबाबदारी वाढवत गाडीच्या पूर्ण किमतीपर्यंत नेली आणि वेव्हरचा दर दिवसाला १० डॉलरच्या आसपास पोहोचला. जाहिरातीत भाडे स्वस्त दिसे, पण वेव्हरपायी आठवड्याला ७० डॉलरची भर पडे. रात्री उशिरा उतरलेला, दमलेला प्रवासी काउंटरवर करारातल्या चौकटीत मुकाट्याने आद्याक्षरे करी. त्यातच दुरुस्तीची बिले फुगवून गिऱ्हाइकांकडून व विमा कंपन्यांकडून पैसे उकळल्याचा गुन्हा हर्ट्झ कंपनीने १९८८ मध्ये न्यायालयात कबूल केला. १९८९ पासून न्यूयॉर्क आणि इलिनॉय या राज्यांनी वेव्हर विकण्यावर बंदी घातली. न्यूयॉर्कने गिऱ्हाइकाची जबाबदारी १०० डॉलरवर आणली; ही बंदी तिथे २००३ मध्ये उठली.

कार्डवाल्यांना संधी दिसली ती या असंतोषात. गोल्ड कार्डाची वार्षिक फी भरायला ग्राहकाला काहीतरी कारण द्यायला हवे होते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात डायनर्स क्लब, अमेरिकन एक्स्प्रेस आणि व्हिसा-मास्टरकार्डची गोल्ड कार्डे यांवर भाड्याच्या गाडीचे संरक्षण मिळू लागले. विमा कंपनीकडून एकगठ्ठा पॉलिसी घेतली की माणशी खर्च किरकोळ पडे. शिवाय सगळे भाडे त्याच कार्डावर भरण्याची अट असल्याने दुकानदाराकडून मिळणारे कमिशनही हातचे जात नसे.

अटी आणखीही होत्या. करार कार्डधारकाच्या नावाने हवा, कंपनीचा वेव्हर नाकारलेला हवा. महागड्या गाड्या, ट्रक, मोठ्या व्हॅन वगळलेल्या. कित्येक कार्डांवर देशात सलग १५ दिवस, परदेशात ३१ दिवस ही मर्यादा. आयर्लंड, इस्रायल, जमैका हे देश बऱ्याच कार्डांच्या यादीतून वगळलेले. दुसऱ्याची गाडी ठोकली किंवा कोणी जखमी झाले, तर त्याची भरपाई यात कधीच नव्हती. बहुतेक कार्डांचे संरक्षण दुय्यम असे, म्हणजे आधी स्वतःच्या मोटार पॉलिसीवर दावा करायचा आणि उरलेले कार्ड भरणार. न्यूयॉर्कमध्ये स्वतःची गाडीच न ठेवणाऱ्याला मात्र हाच दुय्यम विमा पहिला ठरे.

खरी वादावादी दुरुस्तीच्या बिलावर होत नसे. गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली त्या दिवसांचे बुडालेले भाडेही कंपनी मागे. कार्डाची विमा कंपनी त्यावर पुरावा मागे: त्या दिवसांत तुमच्या बाकीच्या गाड्या खरोखर भाड्याने गेल्या होत्या का, नोंदी दाखवा. भाडे कंपन्या या नोंदी द्यायला नाखूश, आणि दोघांच्या ओढाताणीत रक्कम कार्डधारकाच्या गळ्यात पडे.

पुढे फुकट संरक्षणाचा हात आखडला. डिस्कव्हरने २०१८ मध्ये ते बंद केले, सिटीने २०१९ मध्ये बहुतेक कार्डांवरून काढून घेतले. चेस बँकेच्या सफायरसारख्या वार्षिक फीच्या कार्डांवर ते प्राथमिक स्वरूपात, म्हणजे आधी स्वतःच्या पॉलिसीवर दावा न करता, मिळते. अमेरिकन एक्स्प्रेस मात्र प्राथमिक संरक्षण दर भाड्यामागे ठरावीक रक्कम घेऊन वेगळे विकते.