पायाशी ठेवलेला आवाज

मोठ्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात रंगमंचाच्या पुढच्या कडेला, गायकाच्या पायाशी, उतरत्या तोंडाच्या काळ्या पेट्या मांडलेल्या असतात. त्यांची पाठ प्रेक्षकांकडे आणि तोंड गायकाकडे असते. आपण ऐकतो तो आवाज दोन्ही बाजूंना टांगलेल्या भल्याथोरल्या स्पीकरांतून येतो. या पेट्या आपल्यासाठी नसतातच. त्यांना मॉनिटर म्हणतात आणि त्यांचे काम एवढेच, की गाणाऱ्याला स्वतःचे गाणे ऐकू यावे. कार्यक्रम संपल्यावर कलाकारांच्या बोलण्यात सर्वांत जास्त तक्रारी याच पेट्यांबद्दल निघतात. आवाज आलाच नाही, आला तो नुसता ढोलाचा आला, पट्टी सापडेना, मध्येच शिट्टी वाजली. या तक्रारी नव्या वाटतात, पण त्यांच्यामागचा प्रश्न फार जुना आहे. तो कुठून कुठे आला, हे पाहण्यासाठी आपण बरेच मागे जाऊ.

या पेटीचा सर्वांत जुना पूर्वज म्हणजे माणसाचा तळहात. इजिप्तमधल्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांतील शिल्पपटांवर एक हात कानाशी नेलेले गायक कोरलेले आहेत. नेमकी तीच मुद्रा आपल्याकडे डफ वाजवणाऱ्या शाहिराच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या साथीदाराची असते आणि जुन्या चालीच्या धृपदियांचीही असते. वाकवलेला तळहात तोंडातून निघालेला आवाज वळवून कानात आणतो आणि भोवतालचा गलबला थोडा बाहेर ठेवतो. आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, पण तो घुमणारा आणि अपुरा असतो. सूर नीट लागला की नाही, हे ठरवायला बाहेरून फिरून आलेला आवाज लागतो. या सगळ्या इतिहासाचे मूळ या एका शारीरिक गरजेत आहे.

तळहातानंतर भिंत आली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात नाट्यगृहांच्या ध्वनीचा विस्ताराने विचार केला आहे. ग्रीक नाट्यगृहांत आसनांच्या खाली सुरात लावलेली कांस्यपात्रे ठेवत, हे त्याने नोंदवले आहे. रोमन सेनानी मुम्मिअस याने कॉरिंथचे नाट्यगृह उद्ध्वस्त करून तिथली पात्रे रोमला आणली आणि देवळात अर्पण केली, हेही तो सांगतो. पात्रांची ही कथा पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. मला मात्र तिच्या शेजारचे एक छोटे निरीक्षण अधिक मोलाचे वाटते. वाद्याच्या साथीने गाणाऱ्यांना उंच स्वरात गायचे असले, की ते रंगमंचामागच्या लाकडी दरवाजांकडे वळतात आणि त्या लाकडाच्या घुमण्याचा आधार घेतात, असे विट्रुव्हियस लिहितो. कलावंत क्षणभर प्रेक्षकांकडून तोंड फिरवतो, ते स्वतःला ऐकण्यासाठी. मॉनिटरची इतकी स्पष्ट आणि इतकी जुनी नोंद दुसरी माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडे भरताने नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेक्षागृहाची मापे दिली. माणसांसाठी ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असे मध्यम आकाराचे गृह त्याने योग्य ठरवले, कारण त्याहून मोठ्या जागेत उच्चारलेले शब्द विस्कटतात. नाट्यमंडप डोंगरातल्या गुहेसारखा, वारा कोंडणारा आणि लहान गवाक्षांचा असावा, म्हणजे आवाज गंभीर होतो, असेही तो सांगतो. वादकांचा समूह, म्हणजे कुतप, त्याने नेपथ्यगृहाच्या दोन दारांच्या मधोमध, नटांच्या पाठीशी बसवला. साथ मागून येते आणि नट त्या सुरांतच उभा असतो.

पाठीशी साथ ठेवण्याची ही रचना महाराष्ट्रात टिकून राहिली. वारकरी कीर्तनात टाळकरी कीर्तनकाराच्या मागे ओळीने उभे राहतात, मृदंग जवळच असतो आणि अभंगाचे चरण मागून भरून येतात. पोवाड्यात झीलकरी शाहिराच्या खांद्याशी उभे राहून तुणतुण्याचा सूर त्याच्या कानापाशी धरतात. रागसंगीताच्या बैठकीत दोन तानपुरे गायकाच्या मागे, दोन्ही कानांना पुरतील अशा अंतरावर असतात. श्रोत्यांच्या शेवटच्या रांगेत तो झंकार पोहोचतही नाही आणि पोहोचावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. तो गाणाऱ्यासाठी आहे. या साऱ्या सोयी इतक्या सहज होत्या, की त्यांना सोय म्हणण्याचीही कोणाला गरज वाटली नाही.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि संगीत रंगभूमीचे युग सुरू झाले. पुढे गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या काळात साथीदार रंगमंचासमोर बसत. ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी, अहमदजान थिरकवांचा तबला असा तो थाट होता. मायक्रोफोन नव्हता. बालगंधर्व गात तेव्हा प्रेक्षक आणि साथ दोन्ही त्यांच्या समोरच असत. पायाने भाता चालवायच्या ऑर्गनचा सलग, भरीव सूर थेट नटाच्या तोंडावर येई. आजच्या उतरत्या पेट्या जिथे असतात जवळपास तिथूनच तो सूर येत होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

इथे आपण समुद्र ओलांडून कॅलिफोर्नियातल्या नापा गावी जाऊ. पीटर जेन्सन हा डॅनिश तंत्रज्ञ आणि त्याचा सहकारी एडविन प्रिडम यांनी तिथे चुंबकक्षेत्रात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा लाउडस्पीकर बनवला. कर्णा जोडून तो मायक्रोफोनजवळ सुरू करताच कान फाटेल अशी किंकाळी निघाली. स्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो आणि हे चक्र थांबत नाही. डेन्मार्कच्याच सोरेन लार्सन या पदार्थशास्त्रज्ञाचे नाव या परिणामाला मिळाले आणि आपले साउंडवाले त्याला ‘शिट्टी मारणे’ म्हणतात. २४ डिसेंबर १९१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर जेन्सन-प्रिडम यांनी प्रचंड जमावाला भाषणे आणि संगीत ऐकवले. १९१९ मध्ये सॅन दिएगोच्या मैदानात अध्यक्ष वुड्रो विल्सन काचेच्या खोलीत उभे राहून सुमारे पन्नास हजार लोकांशी बोलले. समोरच्या गर्दीला आता ऐकू येऊ लागले. बोलणाऱ्याला काय ऐकू येते, असा प्रश्न मात्र त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे कोणी गांभीर्याने विचारला नाही.

त्या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर एव्हाना छापून झाले होते. एतिएन लोंबार या फ्रेंच कर्णतज्ज्ञाने १९११ मध्ये दाखवून दिले, की माणसाच्या कानात गोंगाट सोडला की तो नकळत आवाज चढवून बोलू लागतो आणि गोंगाट थांबला की आवाज आपोआप उतरतो. हा माणसाच्या इच्छेचा भाग नाही. रंगमंचावरच्या निम्म्या दुःखाचे मूळ या शोधात आहे. ड्रमवाला जोरात वाजवतो, म्हणून गिटारवाला आपला अँप्लिफायर वाढवतो, म्हणून गायक गळा ताणतो, मग ड्रमवाल्याला गिटार जड वाटते आणि तो आणखी जोर लावतो. यात कोणीही उद्धट नसतो. प्रत्येकाचे शरीर आपला धर्म पाळत असते आणि गळा बसतो तो गायकाचा.

१९६० च्या दशकात हे दुःख टोकाला गेले. जिम मार्शल यांनी १९६५ मध्ये ‘द हू’ या बँडसाठी १०० वॅटचे अँप्लिफायर बनवले. त्याच वर्षी, १५ ऑगस्टला, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स सुमारे ५५ हजार प्रेक्षकांपुढे उभे राहिले. त्यांच्याकडेही १०० वॅटचे अँप्लिफायर होते, पण गायनासाठीचे सगळे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून होते आणि किंकाळ्यांचा लोंढा अखंड वाहत होता. पुढे उभ्या असलेल्या तिघांच्या पाठमोऱ्या हालचाली पाहून आपण ताल धरत होतो, असे रिंगो स्टार यांनी नंतर सांगितले आहे. या कार्यक्रमाच्या चित्रपटासाठी काही गाण्यांचा आवाज जानेवारी १९६६ मध्ये लंडनच्या स्टुडिओत पुन्हा भरावा लागला. २९ ऑगस्ट १९६६ च्या सॅन फ्रान्सिस्कोतील कार्यक्रमानंतर बीटल्सनी दौरे कायमचे थांबवले. त्याची कारणे अनेक होती, पण स्वतःला न ऐकता वाजवत राहणे हे त्यांतले छोटे कारण नव्हते.

उपाय मात्र शेच्या आधीच सापडला होता. १३ सप्टेंबर १९६१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिव्हिक ऑडिटोरियममध्ये ज्यूडी गार्लंड यांच्या गायनासाठी मॅक्यून साउंड सर्व्हिसने खास त्यांना ऐकू येण्यासाठी स्पीकर मांडल्याची नोंद आहे. मॉनिटरचा हा पहिला ज्ञात वापर समजला जातो. त्यापुढची पायरी बिल हॅन्ली यांच्या नावावर आहे. १९६९ चा वुडस्टॉक महोत्सव ज्यांनी ऐकवला, तेच हे ध्वनितंत्रज्ञ. नील यंग यांच्या ‘बफेलो स्प्रिंगफील्ड’ या बँडबरोबर काम करताना त्यांनी स्पीकर जमिनीवर तिरका ठेवून गायकाच्या तोंडाकडे रोखण्याची पद्धत रूढ केली. ही मांडणी शक्य झाली ती एका वेगळ्या शोधामुळे. शुअर कंपनीतील बेंजामिन बाउअर यांनी १९३९ मध्ये एकाच अंगाने ऐकणारा मायक्रोफोन सिद्ध केला होता आणि १९६६ मध्ये त्याच घराण्यातला एसएम५८ बाजारात आला, जो आजही आपल्या प्रत्येक गावातल्या मांडवात दिसतो. हा मायक्रोफोन समोरचे घेतो आणि पाठीमागचे बरेचसे टाळतो. त्याच्या पाठीमागच्या त्या बहिऱ्या जागेत मॉनिटर ठेवला, की शिट्टी वाजण्याआधी आवाज पुष्कळ वाढवता येतो. गायक माइकची जाळी मुठीत झाकून धरतो, तेव्हा ही बहिरी जागाच नाहीशी होते आणि शिट्टी वाजते. दोष मग साउंडवाल्याच्या माथी जातो.

१९७० च्या दशकात मॅक्यूनचेच मुख्य अभियंता बॉब कॅव्हिन यांनी केवळ मॉनिटरसाठी वेगळा मिक्सर तयार केला. प्रत्येक वादकाला त्याला हवे तसे मिश्रण देता येऊ लागले, बेसवाल्याला ड्रम, गायकाला स्वतःचा गळा आणि कीबोर्ड. ही मोठी सोय होती, पण माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोठा हस्तांतराचा क्षणही हाच. तोवर आपण काय ऐकायचे हे कलावंत वळून, जवळ सरकून, साथीदाराला खूण करून स्वतः ठरवत असे. आता ते रंगमंचाच्या कडेला बसलेल्या एका परक्या माणसाच्या बोटांत गेले आणि गायकाकडे बोट वर-खाली करून इशारे करण्याखेरीज काही उरले नाही.

या हस्तांतराला सर्वांत मोठे आव्हान ‘ग्रेटफुल डेड’ या बँडने दिले. मार्च १९७४ मध्ये त्यांनी सहाशेहून अधिक स्पीकरांची एक प्रचंड भिंत वादकांच्या पाठीमागे उभी केली. ध्वनितज्ज्ञ औस्ली स्टॅन्ली यांची ती कल्पना. प्रेक्षक आणि वादक एकच आवाज ऐकत, वेगळा मॉनिटरच नव्हता. शिट्टी टाळण्यासाठी प्रत्येक गायकापुढे दोन मायक्रोफोन उलट जोडलेले असत. गायक एकातच गाई, त्यामुळे दोघांत सारखा येणारा भिंतीचा आवाज वजा होई आणि गळा तेवढा उरे. भरताचा कुतप आणि वारकऱ्यांचे टाळकरी जिथे उभे असतात, तिथेच ही भिंत होती. पण तिचे वजन ७० टनांहून जास्त होते, वाहतुकीचा खर्च झेपेना आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती मोडीत निघाली.

यानंतर वाट उलट दिशेला वळली. आवाज मोठा करण्याऐवजी तो थेट कानात नेण्याचे प्रयोग सुरू झाले. स्टीफन ॲम्ब्रोझ यांच्या सुरुवातीच्या खटपटींनंतर १९९५ मध्ये जेरी हार्वी यांनी ड्रमवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या मापाचे मॉनिटर घडवले आणि त्यातून एक नवा उद्योग उभा राहिला. बाहेरचा गोंगाट कानाबाहेर राहिला, कानांचे आयुष्य वाढले, शिट्टीचे भय गेले. आता तर वादक आपल्या फोनवरून आपले मिश्रण स्वतः बदलतो, म्हणजे हरवलेला अधिकार त्याच्या हातात परत आला आहे. त्याची किंमतही आहे. टाळ्या, दाद, शेजारच्या वादकाचा श्वास यांतले काहीच बंद कानात येत नाही. म्हणून प्रेक्षकांचा आवाज टिपण्यासाठी वेगळे मायक्रोफोन लावून तोही कानात सोडावा लागतो.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वाद्यवृंदांना मात्र ही यंत्रे अजून परवडत नाहीत. त्यांची सगळी भिस्त पायाशी ठेवलेल्या पेटीवर असते. चाळीस मीटर लांब सभागृहात मागच्या भिंतीवरून परत येणारा ठेका जवळपास पाव सेकंद उशिरा रंगमंचावर पोहोचतो. मॉनिटर नीट नसेल, तर वादक त्या उशिराच्या ठेक्याला धरू लागतात आणि लय ढासळते. हे टाळण्याचा एकच मार्ग आहे, प्रेक्षक येण्याआधीचा निवांत साउंड चेक. आपल्याकडे तोच सर्वांत आधी कापला जातो. सजावट उशिरा संपते, दीपप्रज्वलन आणि सत्कार लांबतात, रात्री दहाची मर्यादा पुढे उभी असते आणि कलाकारांना थेट पहिल्या गाण्यालाच उभे केले जाते. संयोजकांना एवढीच विनंती आहे, की कार्यक्रमपत्रिका आखताना साउंड चेकसाठी एक पूर्ण तास राखून ठेवा, त्या तासात मंचावर दुसरे कोणतेही काम काढू नका आणि मॉनिटर सांभाळायला वेगळा माणूस नेमा.