आवाजाची परीक्षा, हवेच्या झुळुकीने

स्टुडिओच्या भिंतीत काचलोकर, फेल्ट किंवा फोम भरतात. यातलं कुठलं किती आवाज शोषेल, हे ठरवायचं कसं? या प्रश्नाचा इतिहास आज आपण थोडक्यात बघू.

१८९५ साली हार्वर्डमधल्या फॉग कलासंग्रहालयाचं व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलं होतं. बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तरुण वॉलेस सॅबिन यांनी शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री तिथे आणून मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. पद्धत अचूक होती. पण त्यासाठी अख्खी खोली आणि ढीगभर गाद्या लागायच्या. शिवाय गादी आवाज ‘किती’ खाते ते कळलं, ‘का’ खाते ते नाही.

आता बघा, आवाज म्हणजे हवेची पुढे-मागे हालचाल. बारीक छिद्रांतून जाताना हवा घासली जाते आणि आवाजाची ऊर्जा उष्णता होऊन जाते. मग सरळ हवेलाच विचारावं, की इथून जाताना तुला किती त्रास होतो?

हा विचार पाण्याच्या बाबतीत आधीच झाला होता. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या आंरी दार्सी यांनी वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम १८५६ साली मांडला. ध्वनिशोषक पदार्थांसाठी हवेचा प्रवाहरोध मोजण्याची पद्धत अमेरिकेत ब्राउन आणि बोल्ट यांनी १९४२ साली प्रसिद्ध केली.

कृती सोपी आहे. नळीत नमुना घट्ट बसवायचा, त्यातून हवा सोडायची, दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक मोजायचा आणि त्याला हवेच्या वेगाने भागायचं. वेग मात्र अगदी कमी हवा, सेकंदाला अर्धा मिलिमीटर. का? कारण ८० डेसिबलच्या आवाजात हवेचे कण साधारण तेवढ्याच वेगाने हलतात. जोरात फुंकलं तर आपण आवाज नाही, वारा मोजू. खरी कसोटी इथेच आहे. ५ सेंटीमीटर जाडीच्या, मध्यम दाट काचलोकरीत हा फरक पाव पास्कलच्या आसपास येतो, म्हणजे पाण्याच्या नळीत मिलिमीटरचा चाळिसावा भाग! कडेने जराशी हवा निसटली, तरी आकडा फसवा.

आणि आकडा जास्त म्हणजे माल चांगला, असंही नाही. विरोध फार कमी असेल तर आवाज आरपार जातो, फार जास्त असेल तर पृष्ठभागावरूनच परततो. थर्माकोलमधून हवा जवळजवळ जातच नाही, म्हणून तो भिंतीला लावून घुमणारा आवाज फारसा कमी होत नाही.

१९७० साली इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या डेलनी आणि बॅझली यांनी दाखवलं, की तंतुमय पदार्थ वेगवेगळ्या वारंवारतांना कसा वागेल, याचा चांगला अंदाज या एकाच आकड्यावरून बांधता येतो. १९९१ साली या मोजणीचं आंतरराष्ट्रीय मानकही आलं.

सॅबिन यांना सभागृह लागलं होतं. आता तळहाताएवढा तुकडा आणि हवेची मंद झुळूक पुरते. मात्र शेजाऱ्याचा आवाज अडवायचा असेल तर नुसता फोम चिकटवून भागत नाही. तिथे भिंतीचं वजन लागतं, आणि दुहेरी भिंत असेल तर मधल्या पोकळीत अशी लोकर. शोषणं वेगळं, अडवणं वेगळं, एवढं आपण लक्षात ठेवू.