वेटोळ्याचा पूल आणि नागमोडी वाट

यासुनारी कावाबाताची ‘इझूची नर्तकी’ ही कथा १९२६ साली प्रसिद्ध झाली. अमागी खिंड जवळ आल्याची खूण म्हणून तिच्या पहिल्याच वाक्यात रस्ता वळणे घेऊ लागतो. तिथे कावाबाताने योजलेला ‘त्सुझुराओरी’ हा शब्द एका वेलीच्या नावावरून आलेला आहे. वेलीसारखी दुमडत, घड्या घालत जाणारी वाट. आपण तिला नागमोडी म्हणू.

कावाबाता स्वतः १९१८ साली, विद्यार्थी असताना, इझू द्वीपकल्पातून पायी हिंडला होता. कथेतला विद्यार्थीही युगाशिमाहून निघतो, पावसात खिंड चढतो, १९०५ साली खुला झालेला दगडी बोगदा ओलांडतो आणि पलीकडच्या उतारावर फिरत्या कलावंतांच्या एका कुटुंबाला गाठतो. मग ओगिनोरी, नाशिमोतो अशी लहान गावे मागे पडतात, पायथ्याशी युगानोची गवताची छपरे दिसू लागतात आणि तो धीर करून म्हणतो, शिमोदापर्यंत तुमच्याबरोबर येऊ का? सगळी कथा या एका प्रश्नावर तोलून धरलेली आहे. तो विचारण्याचे बळ यायला मैलोन्‌मैल उतार चालावा लागला, हे अभ्यासकांनी सहसा नोंदवलेले दिसत नाही. प्रतिमांचा मागोवा घेताना अंतराचा हिशेब राहून जातो.

त्याच नाशिमोतोच्या दरीत आज कावाझु-नानादारूचा वेटोळ्याचा पूल उभा आहे. (‘दारू’ म्हणजे तिथल्या बोलीत धबधबा, ‘नाना’ म्हणजे सात. मराठी वाचकाने उगाच हसू नये.) १४ जानेवारी १९७८ रोजी इझू-ओशिमाजवळच्या समुद्रात ७.० क्षमतेचा भूकंप झाला. पंचवीसजणांचा बळी गेला आणि डोंगर खचून जागोजागी रस्ते गाडले गेले. इथला घाटरस्ताही गेला. तो पुन्हा त्याच उतारावर बांधणे म्हणजे पुढच्या भूकंपाची वाट पाहणे होते. म्हणून अभियंत्यांनी रस्ता डोंगराच्या अंगावरून काढून घेतला आणि दरीच्या मोकळ्या जागेत खांबांवर उभा केला. १९८१ साली पूर्ण झालेला हा पूल ८० मीटर व्यासाच्या वर्तुळात दोन फेरे घेतो आणि सुमारे १.१ किलोमीटर लांबीत ४५ मीटर उंची कमावतो.

असे पूल याआधीही झाले. स्पेनच्या मायोर्का बेटावर सा कालोब्राच्या रस्त्याने १९३२ मध्येच स्वतःवरून उलटी गाठ मारली. लोक तिला गळपट्ट्याची, म्हणजे टायची, गाठ म्हणतात. अमेरिकेत दक्षिण डाकोटाच्या काळ्या टेकड्यांतले लाकडी पूल ‘डुकराची शेपटी’ म्हणून ओळखले जातात. तिथे मुख्य हेतू पर्यटकाला देखावा दाखवण्याचा होता. कावाझूला गरज होती.

या दोन आकृत्यांत कथनाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. नागमोडी वाटेला प्रत्येक वळणासाठी डोंगराचा उतार लागतो. तिच्यावरून वर पाहिले की पुढच्या घडीवर चालणारी माणसे दिसतात, ती कोण असतील याची उत्सुकता लागते, पावले उचलली जातात. कावाबाताच्या विद्यार्थ्याची घाई याच भूगोलातून येते. वेटोळ्याला डोंगर लागत नाही. तिथे खाली पाहिले तर आपलाच मघाचा रस्ता दिसतो, आणि वर पाहिले तर आपलाच पुढचा. मध्ये गाव नाही, चहाची टपरी नाही.

गाव टळणे ही गोष्ट या कथेत साधी नाही. शिमोदाच्या वाटेवर गावागावांच्या वेशीवर फलक लागलेले आहेत: भिकारी आणि फिरत्या कलावंतांनी गावात शिरू नये. कावाबाता त्यावर भाष्य करत नाही. खिंडीतली चहावाली म्हातारी विद्यार्थ्याशी अदबीने बोलते आणि ही मंडळी आज रात्री कुठे उतरतील याविषयी मात्र तुच्छतेने. त्या वाटेवर कोणी कुणाबरोबर चालावे हे आधीच ठरलेले होते, आणि ते मोडायला पायी चालण्याची संथ गती लागली. मोटारीतून दोन फेऱ्यांत दरी उतरणाऱ्याला कुणी भेटण्याची शक्यताच उरत नाही. अर्थात मातीखाली गाडले जाण्याची भीतीही फारशी उरत नाही, आणि तो हिशेब मला स्वप्नाळूपणाने पुसून टाकायचा नाही.

सेइचो मात्सुमोतोने १९५९ च्या ‘अमागी-गोए’ या कथेत हीच खिंड उलट दिशेने चढवली. त्याचा नायक शिमोदाकडून घर सोडून निघालेला गरीब मुलगा आहे. वाटेत त्यालाही एक स्त्री भेटते, पण कथा खुनाकडे वळते. कावाबाताला दिलेले याहून चोख उत्तर मला माहीत नाही.

जुना दगडी बोगदा २००१ साली राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षित झाला. नर्तकीच्या नावाने पायवाट आखली गेली, सात धबधब्यांपाशी तिचा नि विद्यार्थ्याचा पुतळा बसला. १९३३ ते १९७४ या काळात कथेवर सहा चित्रपट निघाले होतेच. आणि ज्या १९८१ साली पूल खुला झाला, त्याच वर्षी टोकियोहून शिमोदाला जाणाऱ्या जलदगाडीला नाव मिळाले ‘ओदोरिको’, म्हणजे नर्तकी.