परवाना कुणाचा? निजामशाही नगर, समुद्र आणि जागतिक सत्ता

जागतिकीकरण हा शब्द आपल्याकडे १९९१च्या नव्या आर्थिक धोरणानंतर रुळला. त्यामुळे जग एकमेकांशी जोडले जाण्याची प्रक्रिया तेव्हाच सुरू झाली, असा सर्वसाधारण समज आहे. दख्खनचा मध्ययुगीन इतिहास वाचला की हा समज टिकत नाही. आज अहिल्यानगर म्हणून ओळखले जाणारे अहमदनगर सोळाव्या शतकात इराण, अरबस्तान, तुर्कस्तान, आफ्रिका आणि पोर्तुगाल यांच्याशी व्यवहार करत होते. या व्यवहाराचे रस्ते कुणाच्या ताब्यात होते आणि त्याची किंमत कुणी मोजली, हा प्रश्न मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच विचारला जातो. जागतिक राजकारणातले वर्चस्व समजून घ्यायचे तर तोच प्रश्न महत्त्वाचा आहे.

नगरचे जग

१४९०मध्ये मलिक अहमदने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे त्याच परिसरात आपली राजधानी वसवली. फरिश्ताच्या नोंदीनुसार त्याचे वडील मलिक हसन हे मूळचे पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातले. म्हणजे ज्या निजामशाहीला आज सरसकट ‘परकी’ म्हटले जाते, तिच्या संस्थापकाचे मूळ मराठी मुलखातच होते. दुसरीकडे तिचा दरबार खऱ्या अर्थाने जागतिक होता.

बुऱ्हाण निजामशहाचा सल्लागार शाह ताहिर इराणमधून आलेला होता. त्याच्याच प्रभावाने बुऱ्हाणने शिया पंथ स्वीकारला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य या दरबारात येत असे. हिंदुस्थानी औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३मध्ये गोव्यात छापला गेला. आज विजापूरच्या तटावर दिसणारी ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ १५४९मध्ये नगरला रूमी खानाने ओतली. ‘रूमी’ हे नावच त्याचे तुर्की मूळ सांगते. इतिहासकार फरिश्ता हाही कास्पियन समुद्राकाठच्या अस्त्राबादचा. विजापूरला जाण्याआधी तो नगरच्या सेवेत होता.

माणसे, तंत्र, औषधे आणि विचार यांची ही देवाणघेवाण कुणी लादलेली नव्हती. हिंदी महासागरात अरब, गुजराती, इराणी, मलबारी असे अनेक व्यापारी शतकानुशतके ये-जा करत होते. बंदरातल्या राजाला जकात द्यावी लागे. खुल्या समुद्रावर मात्र कुणा एकाची मालकी नव्हती.

समुद्रावरचा नाका

पोर्तुगीजांनी हे चित्र बदलले. त्यांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सुरू केला. जहाजाचा तांडेल कोण, माल कोणता, शस्त्रे किती, जायचे कुठे, हे सारे त्यात लिहिलेले असे. ठरवून दिलेल्या पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरणे बंधनकारक होते. परवाना नसेल तर जहाज आणि माल दोन्ही जप्त. ज्या पाण्यावरून आपले पूर्वज फुकट जात होते, तिथे जाण्यासाठी आता हजारो मैलांवरून आलेल्या सत्तेची परवानगी लागू लागली.

प्रतिकार झाला नाही असे नाही. १५०८मध्ये चौलजवळ इजिप्तच्या मामलुक आरमाराने गुजरातच्या मदतीने पोर्तुगीजांना हरवले. त्यांच्या व्हॉइसरॉयचा मुलगा या लढाईत मारला गेला. पण पुढच्याच वर्षी दीवला पोर्तुगीजांनी त्याचे उट्टे काढले. १५१५मध्ये होर्मुझ त्यांच्या पक्क्या ताब्यात गेले आणि इराणच्या आखाताची किल्ली त्यांच्या हाती आली.

इथे नगरचा संबंध येतो. दख्खनच्या सुलतानांना लढाईसाठी चांगले घोडे हवे असत आणि ते आखातातून येत. चौल हे निजामशाहीचे मुख्य बंदर. १५२१च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना चौलजवळ, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, किल्ला बांधू दिला. बदल्यात घोड्यांची आयात सुरू राहणार होती. सौदा त्या वेळी फायद्याचा वाटला असणार. पण घोडे येत राहावेत म्हणून स्वतःच्याच बंदरात नाका बसवू देण्यासारखे ते होते.

मुसलमानांसाठी हा प्रश्न केवळ व्यापाराचा नव्हता. हजला जाणारी जहाजेही याच परवान्यावर चालत. बदायुनीने अकबराच्या दरबारातली एक चर्चा नोंदवली आहे. मखदूम-उल-मुल्क या आलिमाने हज बंधनकारक राहिलेली नाही असे मत दिले. समुद्रमार्गाने जायचे तर मरियम आणि ईसा यांची चित्रे असलेला फिरंगी परवाना घ्यावा लागतो, हे त्याचे एक कारण होते. त्याचा हेतू काय होता यावर वाद होऊ शकतो. पण इबादतीचा रस्तासुद्धा परक्या शिक्क्यावाचून मोकळा नव्हता, एवढे त्यातून दिसते.

१५७०मध्ये एक मोठा प्रयत्न झाला. विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्याला, मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला. कालिकतचा सामुरी आणि सुमात्रातले अचेही पोर्तुगीजांविरुद्ध उभे राहिले. नगरची प्रचंड फौज अनेक महिने रेवदंड्यासमोर बसून होती. तरीही १५७१मध्ये वेढा उठवून तह करावा लागला. फरिश्ता याचे खापर लाचखोर सरदारांवर फोडतो. ते खरे मानले तरी दुसरे कारण अधिक मोठे आहे. किल्ल्याला रसद समुद्रातून मिळत होती आणि समुद्रावर नगरचे आरमार नव्हते.

मलिक अंबरचे उत्तर

ऑगस्ट १६००मध्ये मुघलांनी नगरचा किल्ला घेतला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही, पण दख्खनच्या भवितव्याशी दोन्हींचा आहे.

निजामशाही पुढे काही दशके जगली ती मलिक अंबरमुळे. हा हबशी मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे दख्खनला पोहोचला. त्याचे आयुष्य हे त्या काळच्या जागतिक व्यापाराचे सर्वांत क्रूर फळ म्हणावे लागेल. त्याला नगरमध्ये विकत घेणारा पेशवा चंगेज खान हा स्वतःही हबशीच होता. याच अंबरने सत्तेला स्थानिक मुळे दिली. पिकाचा अंदाज घेऊन शेतसारा ठरवला, मराठा सरदारांना बरोबर घेतले, खडकी वसवून तिथे नहर आणली. १६२४मध्ये नगरजवळ भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेला हरवले. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. बाहेरून आलेला माणूस इथल्या शेतकऱ्याच्या आणि सरदाराच्या बळावर साम्राज्याला अडवू शकतो, हा त्याचा धडा आहे. तरी १६२६मध्ये तो गेला आणि दहा वर्षांत निजामशाही संपली.

समुद्रावर नाकेदार बदलले, नाका राहिला. १६२२मध्ये इराणच्या शाह अब्बासने होर्मुझ परत घेतले, पण त्यासाठी इंग्रज कंपनीची जहाजे वापरली. एक वर्चस्व घालवताना दुसऱ्याला दार उघडले गेले. ऑगस्ट १८०३मध्ये याच कंपनीसाठी आर्थर वेलस्लीने शिंद्यांकडून नगरचा किल्ला घेतला. लंडनच्या भागधारकांची कंपनी आता जमिनीवरचीही मालक होत होती.

साखरेचा खटला

आजचा कार्ताझ कागदी नसतो. तो डॉलरमध्ये, निर्बंधांमध्ये आणि करारांच्या कलमांमध्ये असतो. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे २०१९मध्ये भारताने इराणचे तेल घेणे थांबवले. होर्मुझ तेच आहे, परवाना देणारा हात बदलला आहे.

नगर जिल्ह्यालाही याची झळ आहे. १९५०मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाला एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, मिळणे हा इथल्या शेतकऱ्याचा आधार आहे. २०१९मध्ये ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या साखर धोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. डिसेंबर २०२१मध्ये तिथल्या पॅनेलने हा दर म्हणजे मर्यादेबाहेरचे अनुदान ठरवले. भारताने अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळच डिसेंबर २०१९पासून बंद आहे, कारण अमेरिकेने त्यावरच्या नेमणुका अडवून धरल्या आहेत.

आज ही कोंडी आपल्या पथ्यावर पडली आहे, कारण निकाल लटकला आहे. पण तिच्यावर विसंबून राहणे म्हणजे बुऱ्हाणने घोड्यांसाठी केलेल्या सौद्यासारखेच आहे. न्यायालय बलाढ्याच्या मर्जीने बंद पडत असेल, तर उद्या आपली तक्रार ऐकायलाही तिथे कुणी नसेल. युरोपीय संघ, चीन, ब्राझील, ऑस्ट्रेलिया अशा देशांनी २०२०मध्ये अपिलाची पर्यायी व्यवस्था उभी केली. भारत तिच्यात सामील झालेला नाही. त्यामागे सरकारची आपली कारणे असतील. पण मग आपल्याला कोणती व्यवस्था हवी आणि ती कुणाच्या सोबतीने उभारायची, याची चर्चा दिल्लीबरोबरच प्रवरेच्या काठावरही व्हायला हवी. १५७१मध्ये नगरची फौज मोठी होती, समुद्रावर मात्र तिचे काहीच नव्हते. उसाच्या दराचा निकाल जिथे लागतो, तिथे आज आपले काय आहे?